मॅगेलनच्या सामुद्रधुनीतले अडतीस दिवस

नमस्कार श्रोतेहो.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अगदी खाली, निमुळत्या टोकाशी, जमीन चिरल्यासारखी दिसते. ती चीर म्हणजे मॅगेलनची सामुद्रधुनी. लांबी सुमारे ५७० किलोमीटर, एक तोंड अटलांटिकमध्ये, दुसरं पॅसिफिकमध्ये.

फर्डिनांड मॅगेलन हा पोर्तुगीज दर्यावर्दी आपल्या समुद्रात वावरलेला. १५०५ मध्ये तो पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला, १५०९ मध्ये दीवच्या लढाईत लढला. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसलं. मग पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांना जायचा बेत त्यानं स्पेनच्या राजापुढे मांडला आणि १५१९ मध्ये पाच जहाजं घेऊन निघाला.

जानेवारी १५२० मध्ये ला प्लाताचं अफाट मुख दिसलं. वाट सापडली, असं वाटलं. पण आत गेले तर पाणी गोडं! ती नदी होती. पुढचा हिवाळा बंडाळीत आणि थंडीत गेला, एक जहाज फुटलं.

२१ ऑक्टोबरला पुन्हा एक तोंड दिसलं. चाचपणीसाठी दोन जहाजं आत धाडली आणि वादळ उठलं. मागे राहिलेल्यांनी त्यांची आशा सोडली होती. तेवढ्यात ती शिडं फुगवून, निशाणं फडकवत, तोफा डागत परत आली. वाट पुढे जात होती.

तरी खात्री कुणाला होती? दोन्हीकडे बर्फाचे डोंगर, नांगर तळाला लागत नाही इतकं खोल पाणी, जागोजागी फाटे. एका फाट्याचा शोध घ्यायला गेलेलं ‘सान अँतोनियो’ गुपचूप स्पेनला परतलं, आणि खाण्यापिण्याचा मोठा साठा त्याच्याबरोबर गेला. त्या खलाशांना भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे समुद्र आहे, हे त्यांना कोण सांगणार होतं?

शेवटी मॅगेलननं एक होडी पुढे पाठवली. ती तीन दिवसांत परतली: भूशिर दिसलं, पलीकडे मोकळा समुद्र आहे! तो कठोर माणूस आनंदानं रडला, असं त्याच्याबरोबरच्या पिगाफेत्तानं लिहून ठेवलंय. २८ नोव्हेंबरला तीन जहाजं बाहेर पडली. समोरच्या निवांत पाण्याला त्यांनी ‘पॅसिफिक’ म्हणजे शांत म्हटलं. त्याच पाण्यावर पुढे त्यांना डोलकाठीवरचं चामडं भिजवून खावं लागलं.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. जाताना डाव्या किनाऱ्यावर त्यांना आगी दिसल्या, म्हणून त्या मुलखाला तिएरा देल फुएगो, अग्निभूमी, हे नाव पडलं. म्हणजे तिथे माणसं होती, हजारो वर्षांपासून. पश्चिमेकडच्या फाट्याफाट्यांत कावेस्कार लोक झाडाच्या सालीच्या होड्या वल्हवत. त्यांची पोरंबाळं, कुत्री सगळी होडीतच. आणि होडीच्या मधोमध, जपून ठेवलेला विस्तव.