घरचा कॅमेरा कोणाच्या हातात?

नमस्कार श्रोतेहो.

सातारच्या पेठेत फोटो काढण्याचं आणि छापून देण्याचं माझं काम आहे. दिवाळी जवळ आली किंवा कुणाच्या घरी बाळ आलं, की काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "ताई, घरच्या फोटोंसाठी कॅमेरा घ्यायचाय. मोठा एसएलआर घेऊ की छोटा बघू?" विचारणाऱ्यानं मनात बहुतेक वेळा ठरवलेलंच असतं. मोठा कॅमेरा म्हणजे चांगला फोटो, तेव्हा पैसे जमत असतील तर मोठाच घ्यावा.

माझं मत वेगळं आहे. ज्या घरात लहान मूल आहे, आजी-आजोबा आहेत आणि फोटोग्राफीचा खास नाद कोणालाच नाही, त्या घरानं छोटा कॅमेरा घ्यावा. मात्र त्याची लेन्स भरपूर उजेड आत घेणारी हवी आणि आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपून चित्र तयार करणारी चकती, अगदी बारीक नको. या दोन अटी मी का घालते, ते आज सांगते.

आधी एसएलआर एवढा मोठा का असतो ते पाहू. त्याच्या पोटात, लेन्सच्या मागे, ४५ अंशांत तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो, वरच्या प्रिझममधून वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणून लेन्सला जे दिसतं, तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा, म्हणजे शटर, उघडतो आणि सेन्सरवर उजेड पडतो. तो जो 'खटॅक' आवाज येतो, त्यात आरशाच्या हालचालीचा वाटा मोठा. पाळण्यात नुकतंच झोपलेलं बाळ त्या आवाजानं दचकतं, हे पुष्कळ आईबापांनी अनुभवलं असेल.

या आरशाला वर उठायला जागा लागते. निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्स बसवायच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे, कॅननमध्ये ४४. २००८ साली पॅनासॉनिकचा जी-१ आला, त्यात आरसाच काढून टाकला होता. पुढे सोनीनं आपल्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांत हे अंतर १८ मिलिमीटरवर आणलं. त्यातल्या कितीतरी मॉडेलांत सेन्सर घरगुती एसएलआरएवढाच आहे आणि लेन्सही बदलता येते. म्हणजे एसएलआरच्या जाडीतला बराचसा भाग आरशानं खाल्लेला आहे. फोटो चांगला येतो तो काही त्या जाडीमुळे नव्हे.

फोटो चांगला येतो तो उजेडामुळे. आणि घरातल्या फोटोंचा खरा प्रश्न उजेडाचाच असतो. माझ्याकडे छापायला येणाऱ्या फोटोंत सर्वांत जास्त बिघडलेले कुठले, असं विचाराल तर मी बोरन्हाणाचे म्हणेन.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे बोरन्हाणं चालतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर बसलेलं, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा ओतला जातो. बाळ दचकतं, मग हसतं किंवा भोकाड पसरतं. आजूबाजूची पोरं खाऊ वेचायला झेपावतात. हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि बहुतेक घरी होतं ते संध्याकाळी, सगळ्या बायका जमल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात. घरातल्या फोटोग्राफरची यापेक्षा अवघड परीक्षा मला माहीत नाही.

कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो अशा उजेडात सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास शटर उघडतो. तेवढ्या वेळात बोर हवेत बरंच खाली येतं. फोटोत बोराच्या जागी तांबडी रेघ दिसते आणि बाळाचा हात म्हणजे नुसता धूर. बोर हवेत थांबवायचं तर शटर निदान एक-पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, पाहिजे. शटर इतकं जलद केलं की उजेड कमी पडतो, आणि इथं लेन्सचा कस लागतो.

एसएलआरसोबत जी १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळते, ती पूर्ण झूम केली की तिचं तोंड फार तर एफ ५.६ पर्यंत उघडतं. एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. संध्याकाळच्या दिवाणखान्यात एक-पाचशेच्या शटरला १.८ वर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, २५०० पुरत असेल, तर ५.६ वर तो २४००० च्या घरात न्यावा लागतो. २४००० ला फोटोवर इतकी रवाळ खर येते की बाळाचा चेहरा खरबरीत दिसतो. मोठा कॅमेरा घेतला आणि सोबत आलेल्या लेन्सवरच थांबलात, तर वजनाचे पैसे दिलेत आणि उजेडाचे दिलेच नाहीत, असं होतं. घरात एसएलआर आधीच असेल तर तो मोडीत काढू नका. त्याला ३५ मिलिमीटरची एफ १.८ ची एक लेन्स घ्या. दोनशे ग्रॅमची लेन्स आहे, पण घरातले फोटो पार बदलून टाकते.

दुसरी अट सेन्सरची. घरगुती एसएलआरचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. जुन्या स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यांचा ६.२ बाय ४.६ च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळात तेरा पटींनी लहान. तो घेऊ नका, त्यापेक्षा हातातला फोन बरा. पण या दोन्हींच्या मध्ये १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या सेन्सरचे छोटे कॅमेरे आहेत. २०१२ साली आलेला सोनीचा आरएक्स-१०० हा त्यातलाच. वजन बॅटरी-कार्डासह २४० ग्रॅम, आणि झूम न करता लेन्स एफ १.८. माझ्या मते घरासाठी हा आकार फार योग्य आहे.

त्याचं आणखी एक कारण आहे. मोठ्या सेन्सरवर एफ १.८ नं दीड मीटरवरून फोटो काढला, तर पुढे-मागे मिळून जेमतेम वीतभरापेक्षाही कमी खोली स्वच्छ येते. बाळाचे डोळे लख्ख, आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आजीचा चेहरा पुसट. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीमागची ती पुसट पार्श्वभूमी छान दिसते. घरच्या फोटोत आजी पुसट झालेली मला बघवत नाही. लहान सेन्सरवर त्याच १.८ ला ही खोली बरीच वाढते, आजी आणि नातू दोघंही स्पष्ट येतात.

बोरन्हाणाच्या आणखी दोन गोष्टी, कॅमेरा कुठलाही असो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या ट्यूबचा आणि काही एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण एक-पाचशेच्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला. तेव्हा बोरन्हाण शक्यतो दुपारी चारला घ्या, पाट खिडकीजवळ किंवा ओसरीवर मांडा. पेठेतल्या जुन्या वाड्यांना चौक असतो, त्याच्यासारखा उजेड स्टुडिओतही मिळत नाही. आणि काळ्या झबल्याचं लक्षात ठेवा. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. काळं झबलं फ्रेमभर दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो फोटो उजळवतो आणि हलव्याचे पांढरे दाणे पांढऱ्या डागात विरून जातात. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते उणे ०.७ वर न्या, दाणा न् दाणा दिसेल.

फोनबद्दल थोडक्यात. फोन एका दाबात अनेक फोटो काढून ते एकमेकांत मिसळतो. बसलेल्या माणसाचा फोटो त्यानं सुरेख येतो. हलणाऱ्या मुलाला एका हाताच्या जागी दीड हात येतो. दिवसा, मोकळ्यावर, फोन पुरेसा आहे.

एसएलआर कुठं जिंकतो, तेही सांगायला हवं. शाहू कलामंदिरात शाळेचं गॅदरिंग आहे, तुमची जागा मागच्या रांगेत, आणि मुलगी स्टेजवर नाचते आहे. किंवा सातारा हिल मॅरेथॉनमध्ये घरचं माणूस यवतेश्वरच्या चढावरून धावत येतंय. तिथं लांबचं जवळ आणणारी ७०-३०० ची लेन्स, पकडायला भरीव मूठ आणि आरशातून जराही उशीर न होता दिसणारं दृश्य यांची किंमत कळते. बॅटरीतही एसएलआर सरस. निकॉनच्या डी-३५०० ला एका चार्जवर १५५० फोटोंची क्षमता सांगितलेली आहे. सोनीच्या ए-६००० या मिररलेसला तीनशे-साडेतीनशे. मूल कबड्डी, क्रिकेट, ॲथलेटिक्स खेळत असेल, किंवा तुम्हाला स्वतःला फोटो शिकायचाच असेल, तर बिनधास्त एसएलआर घ्या. जुना मिळाला तरी चालेल.

पण त्याचं ओझं नीट तोलून पाहा. तो डी-३५०० बॅटरी-कार्डासह ४१५ ग्रॅमचा, म्हणजे एसएलआरमध्ये हलकाच. १८-५५ ची लेन्स २०५ ग्रॅम, ७०-३०० ची ४१५. बॅग धरून किलोच्या वर गेलं. आता भाद्रपदात कासच्या पठारावर फुलं बघायला निघालात. खांद्यावर मूल, हातात छत्री, धुकं इतकं की पुढची गाडी दिसत नाही. मोठा कॅमेरा डिकीतच राहतो. बाहेर काढला तर त्या ओल्या धुक्यात लेन्स बदलायची नाही, सेन्सरवर दमट हवा आणि कचरा जातो. रेनकोटच्या खिशातून निघणारा छोटा कॅमेरा तिथं कामाला येतो. तो फुलाच्या पाच सेंटिमीटर जवळ नेऊनही फोकस होतो, मग वाटेवर उभं राहून वाकलं तरी पुरतं. मुलांना फुलांत बसवून फोटो काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पठारावर कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे, त्यात उगवलेलं एकदा तुडवलं की त्या हंगामात उठत नाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे, तर बुरशीचं सांगते. आपल्या पश्चिमेकडच्या हवेत लेन्सला बुरशी फार लागते. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा घालून कपाटात ठेवला, दसऱ्याला काढला, तर आत कोळिष्टकासारखे धागे. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि महिन्यातून चार वेळा बाहेर काढून वापरा. वापरातला कॅमेरा सहसा बुरशत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते. माझ्याकडे वर्षभराचे फोटो छापायला आणतात, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शेकडो फोटोंत एक माणूस कुठंच नसतं. घरात एसएलआर असेल तर ते बहुधा वडील असतात, कारण कॅमेरा फक्त त्यांनाच वापरता येतो. फोनवरचे फोटो असतील तर आई नसते, कारण फोटो तीच काढते. बाळ मोठं होऊन अल्बम उघडेल तेव्हा पहिल्या वाढदिवसाला आई कशी दिसत होती, हे त्याला कळायचं कसं? कॅमेरा महाग आहे, पाडशील, बटणं हलवू नकोस, असं ज्या घरात ऐकू येतं तिथं तो एकाच माणसाचा होऊन बसतो. घरच्या कॅमेऱ्यानं आत्याच्या हातात जावं, शेजारच्या काकूंच्या हातात जावं, दहा वर्षांच्या पोराच्या हातात जावं. दहा वर्षांच्या उंचीवरून काढलेले बाळाचे फोटो मोठ्यांच्या फोटोंपेक्षा पुष्कळदा चांगले येतात, कारण तो बाळाच्या डोळ्यांसमोर बसून काढतो. आणि आजोबांना एसएलआरमधून धूसर दिसत असेल तर डोळा लावायच्या जागेजवळ छोटं चाक असतं, ते फिरवून त्यांच्या नजरेला जुळवून द्या. हे चाक आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

छपाईचं एवढंच. ४ बाय ६ चा फोटो उत्तम यायला २२ लाख पिक्सेल, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या थोडं वर, पुरतात. तेव्हा मेगापिक्सेलच्या आकड्यावर कॅमेरा निवडू नका. एसएलआरचा फोटो ४ बाय ६ मध्ये बरोबर बसतो, फोनचा मात्र उंचीत नववा हिस्सा कापला जातो. फोनवर आडवा ग्रुप फोटो काढताना डोक्यावर थोडी जागा सोडा, म्हणजे मागे उभ्या असलेल्या काकांचं कपाळ कापलं जाणार नाही.

खरेदीला जाल तेव्हा दिवेलागणीला जा, आणि मुलाला बरोबर न्या. दुकानदारानं दाखवलेला कॅमेरा आधी मुलाच्या आईच्या हाती द्या. दुकानात धावणाऱ्या त्या मुलाचे फोटो तिला काढू द्या, कोणी शिकवू नका. मग स्क्रीनवर फोटो मोठा करून मुलाचे डोळे बघा. जुना कॅमेरा असेल तर लेन्सच्या एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं धागे दिसतात का पाहा. तिचा हात ज्या कॅमेऱ्यावर बसला, तो घ्या. पैसे उरले तर एक जादा बॅटरी घ्या.

नमस्कार.