बिघाड झाल्यावर विमान कोण उडवतंय?

(वेंगुर्ल्यातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, "विमानाचा इंजिन बंद पडला तर ता खालीच पडतला मा?" हा प्रश्न चिपीला विमानतळ झाल्यापासून मला इकडे सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही पडत. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उडतं, उतरतं, टेकऑफच्या ऐन वेळी एक गेलं तरी दुसऱ्यावर वर चढतं, आणि समजा दोन्ही गेली तरी 35,000 फुटांवरून मोठं जेट साधारण दीडशे किलोमीटर तरंगत जाऊ शकतं, म्हणजे इथे वेंगुर्ल्यावर बंद पडलं तर रत्नागिरी गाठेल. मी केबिन क्रूमध्ये होते, नंतर क्रूला ट्रेनिंग द्यायचे, मला मशीनची भीती फारशी वाटत नाही. मला भीती वाटते ती याची, की बिघाड झाला की सगळे त्याच्याच मागे लागतात आणि ज्याला काहीतरी दिसलेलं असतं तो गप्प बसतो.

29 डिसेंबर 1972 ची रात्र. अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट 401 न्यूयॉर्कहून मायामीला आलेलं, चाकं खाली केली तर पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक नीट खाली आलेलं, फक्त बल्ब गेलेला. 2,000 फुटांवर ऑटोपायलट लावून सगळे त्या बल्बला चिकटले, दिव्याचं कव्हर निघेना, एकजण चाक बघायला खाली उतरलाय, आणि या गडबडीत ऑटोपायलटने उंची धरून ठेवायचं सोडून दिलं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. उंची बदलल्याची घंटी वाजली तीही कुणी ऐकली नाही. धडधाकट विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेलं, शंभराच्या आसपास माणसं गेली.

आपल्याकडे खोल समुद्रात ट्रॉलरचं इंजिन कुरकुरायला लागलं तर खलाशी खाली जाऊन बघतात पण तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सुकाणू सोडत नाही, हे इथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. विमानात मात्र ते सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, घोटवून घोटवून शिकवतात. एकाने फक्त विमान उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट वाचायची, आणि कुणाकडे काय आहे ते मोठ्याने बोलायचं. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, ती सुद्धा नंतर. आधी उडवा, मग कुठे जायचं ते ठरवा, मग बोला.

पण मला जास्त छळतो तो इंग्लंडमधल्या केगवर्थ गावाजवळचा अपघात. 8 जानेवारी 1989, ब्रिटिश मिडलंड कंपनीचं बोइंग 737-400, दोन इंजिनांचं, लंडनहून बेलफास्टला निघालेलं. डाव्या इंजिनातलं पंख्याचं पातं तुटलं, जोराचे हादरे, कॉकपिटमध्ये धूर. पायलटना वाटलं उजवं इंजिन गेलं. उजव्याची पॉवर कमी केल्यावर हादरेही कमी झाले, म्हणजे खात्रीच पटली, आणि चांगलं इंजिन बंद केलं. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात प्रॉब्लेम होता, ते बंद केलंय. मागच्या सीटवरच्या लोकांनी डाव्या बाजूच्या ज्वाळा डोळ्यांनी बघितलेल्या, क्रूमधल्याही काहींनी बघितलेल्या, तरी एकही माणूस पुढे जाऊन बोलला नाही. उतरायच्या आधी डावं इंजिन पूर्ण गेलं, रनवे समोर दिसत असताना विमान हायवेच्या बांधावर आदळलं. 47 माणसं गेली.

आपल्याकडे तर हे आणखी अवघड, लहानपणापासून मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं. ट्रेनिंगला कुडाळ-सावंतवाडीकडच्या हुशार मुली यायच्या, त्याही म्हणायच्या, मॅडम, कॅप्टन साहेबांना कसं सांगायचं, त्यांना माहीत असेलच ना. मी त्यांच्याकडून इंटरकॉम हातात धरून एकच वाक्य म्हणून घ्यायचे, आवाज कापायचा थांबेपर्यंत, "सर, आग डाव्या बाजूला आहे, मी स्वतः बघितली." बाजू सांगायची आणि स्वतः बघितलं की ऐकलं तेही सांगायचं.

आता जमलेलं काम बघा. 4 नोव्हेंबर 2010, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचं फ्लाइट 32, चार इंजिनांचं ए-380, सिंगापूरहून सिडनीला निघालेलं, 469 माणसं. निघाल्यावर थोड्याच वेळात दोन नंबरचं इंजिन फुटलं, तुकडे पंखातून आरपार गेले, वायरी तुटल्या, टाकीतून इंधन गळायला लागलं, स्क्रीनवर एकामागून एक अलार्म. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी घाई केली नाही. कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच पायलट होते, चेकलिस्ट उरकायलाच पाऊण तासाच्या वर गेला, शेवटी कॅप्टननी काय काय बिघडलंय ते मोजणं सोडलं आणि काय काय चालू आहे ते बघून त्यावर विमान उतरवलं.

उतरल्यावरचा निर्णय तर मला त्याहून मोठा वाटतो. ब्रेक तापून लाल, इंधन गळतंय, आणि एक नंबरचं इंजिन बंदच होईना. अशा वेळी कुणीही म्हणेल दरवाजे उघडा, स्लाइड म्हणजे त्या फुगणाऱ्या घसरगुंड्या सोडा, पळा. त्यांनी लोकांना आत बसवून ठेवलं, कारण बाहेर सांडलेलं इंधन आणि चालू इंजिन, आत त्यापेक्षा सुरक्षित. फायर ब्रिगेडने फोम मारला, शिड्या आल्या, तेव्हा एकाच दाराने सगळे खाली उतरले. तोपर्यंत ती चारशे-साडेचारशे माणसं जागेवर बसून राहिली ती केबिन क्रूच्या शब्दावर. कुणालाही इजा नाही. ते इंजिन काही तासांनी फोम मारून मारून बंद पाडलं.

11 ऑक्टोबर 2024 ला त्रिचीहून शारजाला निघालेलं विमान हायड्रॉलिकच्या, म्हणजे दाबाच्या तेलावर चालणाऱ्या यंत्रणेच्या, बिघाडामुळे दोन-अडीच तास घिरट्या घालत होतं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, आखातात पोरं असलेल्या घरांत त्या दिवशी जीव टांगणीला लागले होते. भरल्या टाकीचं जड विमान उतरवणं धोक्याचं, आणि ते 737 होतं, त्याला हवेत इंधन टाकून देता येत नाही, त्यामुळे वजन कमी करायचं तर जाळूनच. म्हणून घिरट्या. सगळे सुखरूप उतरले.

तेव्हा खिडकीतून काही विचित्र दिसलं तर डोक्यावरचं कॉल बटण दाबा, कुठल्या बाजूला आणि काय, एवढंच सांगा. क्रूला आधीच माहीत असलं तरी कुणी रागावणार नाही. चला, आता तुमचे प्रश्न घेऊया, मागच्या बाकांवरून सुरू करू.