आठ भोके, एकाच दिशेला वाकडी

मित्रहो, आजचा विषय पत्रिकेवर ‘हातातल्या हत्याराने लाकडात सरळ भोक पाडण्याच्या पद्धती’ असा छापला आहे आणि त्या पद्धतींकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल. खुणेवर नेमके सुरू झालेले भोक पलीकडच्या बाजूला भलतीकडेच निघते, हे दुःख या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नसावी. त्याचे खापर आपण हाताच्या थरथरीवर फोडतो. माझ्या मते हात बिचारा निर्दोष असून दोष मुठीच्या आकारात आणि डोळ्याच्या जागेत आहे.

एका बाकासाठी ९० मिलिमीटर जाडीच्या चार पायांतून प्रत्येकी दोन, अशी आठ आरपार भोके मला पाडायची होती. पहिले भोक पलीकडच्या तोंडाशी खुणेपासून सुमारे तीन मिलिमीटर सरकून निघाले, तेव्हा मी बिटाला, म्हणजे ड्रिलच्या भोक पाडणाऱ्या पात्याला, दोष दिला आणि नवे बिट लावले. दुसरे तसेच निघाल्यावर लाकडाला दोष दिला. त्यालाही थोडा आधार होता, कारण मऊ आणि कठीण थर आलटून पालटून असलेल्या लाकडात साधे बिट मऊ थराकडे ओढले जाते. तिसऱ्या भोकापासून मी श्वास रोखून धरू लागलो. आठवे भोक झाल्यावर एक वयस्क मिस्त्री सहज डोकावले, त्यांनी चारही पाय उलटे करून ओळीने मांडले आणि म्हणाले, “मास्तर, हात हलला असता तर भोकं चहूकडे गेली असती. ही तर सगळी तुमच्यापासून लांब पळाली आहेत.” (आपण हसता आहात, त्या दिवशी मला हसू आले नव्हते.)

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डाव्या-उजव्या दिशेने एकही भोक चुकले नव्हते. सगळी चूक पुढे-मागे होती, आणि ९० मिलिमीटर खोलीत तीन मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन अंशांचा कल. ड्रिल डावीकडे झुकले तर डोळ्याला लगेच दिसते, पण ते माझ्याकडे झुकले तर तो कल माझ्या नजरेच्या रेषेतच लपतो. त्यात मुठीची भर पडते. हाताने चालवायच्या जुन्या सामत्यात किंवा गिरमिटात दाब टोकाच्या बरोबर मागून, आसाच्या रेषेत पडत असे. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला १९१७ साली पेटंट मिळालेल्या पिस्तुली मुठीच्या ड्रिलने घोडा, म्हणजे चालू करायचा खटका, बोटाखाली आणून मोठीच सोय केली, मात्र तळहात आसापासून बाजूला गेला. आपण मुठीवर खाली दाब देतो, यंत्राचा माथा आपल्याकडे कलतो आणि बिटाचे टोक पुढे पळते. म्हणून मूठ शक्य तितकी वर, बिट पकडून ठेवणाऱ्या चकच्या मागे पकडावी, तर्जनी यंत्राच्या अंगाशी सरळ ठेवावी आणि घोडा मधल्या बोटाने दाबावा, एवढे तरी आपण घरी जाऊन करून पाहा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा पत्रिकेवरच्या पद्धती आता भरभर सांगतो.

खुणेवर टोच्याने खळगा करावा. काटकोन तपासायचा एक गुण्या समोर आणि दुसरा बाजूला उभा करून सुरुवातीला दोन्हींकडे आळीपाळीने पाहावे; बिट आत रुतल्यावर यंत्र वळवून कल सुधारत नाही, भोक फक्त लांबट होते. पुष्कळ जण बिटाजवळ आरशाचा तुकडा ठेवतात आणि बिट व प्रतिबिंब एका रेषेत आले की निश्चिंत होतात. परंतु नजरेच्या रेषेतला कल आरशातही लपतो, म्हणून डोके बाजूला नेऊन पुन्हा पाहावे लागते. आडवे भोक पाडताना बिटाच्या गुळगुळीत दांड्यावर एक सैल कडी घालावी. कडी पुढे किंवा मागे घसरली तर बिट वर-खाली कलले आहे असे समजावे, आणि डोळा डाव्या-उजव्या दिशेसाठी मोकळा ठेवावा.

खोल भोक दोन्ही बाजूंनी खुणा करून अर्धे-अर्धे पाडावे. तोंडे जागेवर राहतात आणि चूक मध्यभागी लपते. भुसा वरचेवर बाहेर काढावा, कारण तो कोंदला की बिट तापते आणि अडकते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन फळ्यांचे तुकडे काटकोनात जोडून, त्यांची टोके गुण्याने तपासून केलेला ठोकळा. त्याच्या आतल्या कोपऱ्यात बिट टेकवून धरले की दोन्ही दिशा एकदम सांभाळल्या जातात. ठोकळा बिटाची लांबी खातो, म्हणून भोक ३०-४० मिलिमीटर खोल गेले की तो काढून घ्यावा आणि उरलेले भोक पाडलेल्या भोकाच्याच आधाराने पुरे करावे.