ओहायो नदीवरची सकाळ

अमेरिका, एप्रिल १८१९. पिट्सबर्ग मागे पडलंय. ओहायो नदीच्या प्रवाहात सपाट बुडाच्या दोन होड्या एकमेकींना बांधून चालल्या आहेत. ३२ वर्षांचे मालक सगळ्यांना जवळ बोलावतात आणि सांगतात, आजपासून तुम्ही गुलाम नाही, माझ्याइतकेच स्वतंत्र आहात. माझ्यासोबत पुढे यायचं की इथेच काठाला उतरायचं, ते तुम्ही ठरवा.

सगळे श्वास रोखून उभे. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग एक दबकं, आवरता न येणारं हसू. आणि पाठोपाठ अश्रू.

हे मालक म्हणजे एडवर्ड कोल्स. व्हर्जिनियातल्या सधन मळेवाल्यांच्या घरातले. माणूस माणसाच्या मालकीचा असूच शकत नाही, हे त्यांना कॉलेजातच पटलं होतं. १८०८ मध्ये वडील गेले आणि वारसा म्हणून गुलाम वाट्याला आले. पुढे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे खासगी सचिव असताना, १८१४ मध्ये, कोल्स यांनी थॉमस जेफरसन यांना पत्र लिहिलं: गुलामगिरी संपवायला तुम्ही पुढे या. सगळी माणसं समान आहेत, असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसन यांनी कळवलं, हे काम तरुणांचं. वर सल्ला दिला, व्हर्जिनिया सोडू नका.

कोल्स यांनी ती सोडली. इलिनॉयमध्ये एडवर्ड्सव्हिलजवळ मुक्त कुटुंबांच्या प्रमुखांना त्यांनी प्रत्येकी १६० एकर जमीन दिली.

१८२२ मध्ये चौरंगी लढतीत, जेमतेम एक तृतीयांश मतांवर, ते इलिनॉयचे गव्हर्नर झाले. राज्य नावाला गुलामगिरीमुक्त होतं. जुने गुलाम आणि करारात जखडलेले मजूर तिथे होतेच. हे थांबवा, असं त्यांनी पहिल्याच भाषणात सांगितलं. विरोधकांनी उलटा डाव टाकला: घटनापरिषद बोलावून राज्यघटना बदलायची आणि गुलामगिरीला दार उघडायचं. राज्याच्या तेव्हाच्या राजधानीत, व्हँडेलियात, रात्री जमाव ढोल बडवत त्यांच्या दारावर गेला. 'घटनापरिषद नाहीतर मरण!'

कोल्स हटले नाहीत. चार वर्षांचा पगार त्यांनी या लढ्यात घातला. पत्रकं छापून घेतली, वर्तमानपत्र हाताशी धरलं, गावोगाव लोकांना जागं केलं. घटनापरिषद बोलवायची की नाही, यावर २ ऑगस्ट १८२४ ला मतदान झालं. घटनापरिषदेच्या बाजूने ४,९७२. विरोधात ६,६४०.

इलिनॉय वाचलं. पण कोल्स यांच्यावर खटला भरला गेला, गुन्हा काय, तर गुलाम मुक्त करताना जामीन भरला नाही! २,००० डॉलरचा दंड झाला. तो रद्द व्हायला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

पुढे ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले. १८६२ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, त्यांचा मुलगा रोआनोक बेटावर मारला गेला, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यातून लढताना. १८६५ मध्ये देशभरातली गुलामगिरी कायद्याने संपली. ते पाहायला ७८ वर्षांचे कोल्स हयात होते.