कॉन्फरन्स, प्रवास आणि एकट्याचा स्टुडिओ

नमस्कार मंडळी. विषय फोटोग्राफर्सच्या कॉन्फरन्सचा आहे आणि मी तो धंद्याच्या बाजूने मांडणारे, कारण ह्या कॉन्फरन्सेस मुळात धंद्यातल्या एका भांडणातूनच सुरू झाल्यात. अमेरिकेत १८५४ साली जेम्स अॅम्ब्रोज कटिंग नावाच्या माणसाने कलोडियन नावाच्या चिकट द्रावणात ब्रोमाइड वापरायचं पेटंट घेतलं. तेव्हा काचेवर ओलं कलोडियन ओतून फोटो काढायचे आणि त्यात ब्रोमाइड जवळपास सगळेच घालायचे, म्हणजे बघा, रोजच्या कामाला लागणारं एक केमिकल आणि त्याच्यापायी छोट्या स्टुडिओवाल्याला एकतर लायसन्सचे पैसे भरा नाहीतर कोर्टाला तोंड द्या. १८६८ मध्ये पेटंटची चौदा वर्षं संपत आली, मुदत वाढवून मागितली गेली, आणि तेव्हा हे आपापल्या गावात एकटे काम करणारे लोक पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र येऊन विरोधात उभे राहिले. मुदतवाढ नाकारली गेली. त्यातून नॅशनल फोटोग्राफिक असोसिएशन तयार झाली आणि १८६९ ला बॉस्टनमध्ये तिचं अधिवेशन भरलं. आज जी प्रोफेशनल फोटोग्राफर्स ऑफ अमेरिका आहे, जी दरवर्षी इमेजिंग यूएसए ही कॉन्फरन्स भरवते, ती १८८० ची.

मला हा इतिहास फार जवळचा वाटतो, कारण आपली अडचण आजही तीच आहे. स्टुडिओ चालवणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो. शूट तोच करतो, सिलेक्शन, एडिटिंग, अल्बमचं डिझाइन, क्लायंटचे फोन, बिलं, टॅक्स सगळं तोच बघतो आणि रात्री अकरा वाजता एखाद्या क्लायंटने "थोडं कमी करा ना" असा मेसेज टाकला तर काय उत्तर द्यायचं हे विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नसतं. त्याच गावातल्या दुसऱ्या फोटोग्राफरला विचारणं अवघड, तो उद्या त्याच कामाचं कोटेशन देणार असतो. पण आठशे किलोमीटरवरून आलेला फोटोग्राफर तुमचा स्पर्धक नाही. तो मोकळेपणाने सांगतो, आणि कॉन्फरन्सला जायचं खरं कारण माझ्या मते हेच आहे.

नवीन कॅमेरे बघायला जायचे दिवस तर संपत आलेत. जर्मनीत कोलोनला १९५० पासून फोटोकिना भरायचं, ह्या क्षेत्रातलं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन, २०१८ ला शेवटचं झालं आणि २०२० मध्ये ते अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं जाहीर झालं. नव्या कॅमेऱ्याची माहिती आता घरबसल्या त्याच दिवशी मिळते. मात्र काम करणाऱ्या फोटोग्राफरांच्या कॉन्फरन्सेस, इमेजिंग यूएसए किंवा लास वेगासला भरणारी लग्नाच्या आणि पोर्ट्रेट फोटोग्राफरांची डब्ल्यूपीपीआय, ह्या चालू आहेत, कारण तिथे जे कळतं ते कुणी व्हिडिओ करून टाकत नाही. कुणाचं किती बुकिंग कॅन्सल झालं, अॅडव्हान्स परत करावा लागला का, सेकंड शूटरला, म्हणजे सोबत नेलेल्या दुसऱ्या फोटोग्राफरला, किती दिले, हे माणूस फक्त समोर बसून सांगतो.

आता निघायच्या आधीचं. स्टुडिओ बंद ठेवून जाणार असाल तर क्लायंटच्या फाइल्सची सोय सगळ्यात आधी. तीन-दोन-एक हा नियम तुम्ही ऐकला असेल, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. कॉम्प्युटरवाले लोक हा नियम जगभर सांगतात पण तो मांडला पीटर क्रोग ह्या फोटोग्राफरने, आणि ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. दुसऱ्या जागी म्हणजे खरोखर दुसऱ्या जागी, त्याच कपाटातली दुसरी हार्ड डिस्क नव्हे. लॅपटॉपसोबत बॅगेत टाकून नेलेली डिस्क पण त्यात धरू नका, बॅग गेली की दोन्ही जातात.

बॅटऱ्यांचं नीट समजून घ्या, विमानतळावर सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या, टर्मिनल म्हणजे धातूची टोकं झाकून. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, आणि एमएएचला हजाराने भागलं की अँपिअर-अवर मिळतात. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १६.४ वॉट-अवर, काहीच प्रश्न नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ होते, ती पण चालते. १०० च्या वर गेलात की एअरलाइनची परवानगी लागते, १६० च्या वर प्रवासी सामानात नाहीच. मोठ्या व्हिडिओ लाइटच्या बॅटऱ्या नेणाऱ्यांनी हे बघून ठेवा, आणि एअरलाइनचे स्वतःचे नियम ह्याच्यापेक्षा कडक असू शकतात. दुसऱ्या देशात शूट करायला भरपूर सामान नेत असाल तर एटीए कार्नेट बघा. ते तात्पुरत्या आयातीचं कागदपत्र आहे, त्याने कस्टम ड्युटी न भरता प्रोफेशनल सामान नेऊन परत आणता येतं, एक वर्ष चालतं. आणि विमा वाचा, घरच्या विम्यात धंद्याचं सामान बऱ्याचदा धरलेलं नसतं.

तिथे पोचल्यावर माझा आग्रह एकच, अर्धा दिवस प्रिंट जजिंगच्या, म्हणजे स्पर्धेतल्या फोटोंना मार्क देतात त्या, हॉलमध्ये काढा. शांत बसायचं. एकेक फोटो समोर येतो, कुणाचा आहे ते जजना माहीत नसतं, ते मार्क देतात, आणि एखाद्या जजला तो मार्क पटला नाही तर तो आव्हान देऊन बोलतो. ते बोलणं ऐकण्यासारखं असतं. प्रोफेशनल फोटोग्राफर्स ऑफ अमेरिकाचे बारा निकष आहेत, इम्पॅक्ट, लाइटिंग, कॉम्पोझिशन, कलर बॅलन्स, स्टोरीटेलिंग वगैरे, आणि फोटो का चालतो किंवा का चालत नाही हे तिथे शब्दांत मांडावं लागतं, नुसतं छान आहे म्हणून सुटका नाही. ह्याचा धंद्याला थेट उपयोग आहे. क्लायंट अल्बमसाठी दोनशे फोटो मागतो आणि तुम्हाला ऐंशी योग्य वाटतात, तेव्हा तुमच्याकडे कारणं असतात.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो हिशोबाच्या गप्पांना. एक्स्पो हॉलच्या बाहेर, जेवणाच्या टेबलावर, लिफ्टसमोर, कुठेही. समोरच्याला तुमचा रेट काय असं विचारू नका, तुम्ही रेट काढता कसा ते विचारा. खरं तर एकत्र बसून सगळ्यांनी एकच दर ठरवणं बऱ्याच देशांत बेकायदेशीर आहे, आणि त्याचा उपयोगही नाही, कारण प्रत्येकाचे खर्च वेगळे. पद्धत मात्र शिकण्यासारखी असते. वर्षभराचा सगळा खर्च लिहायचा, भाडं, विमा, सॉफ्टवेअर, रिपेअर, कॅमेऱ्याचा घसारा, गाडी, ही कॉन्फरन्स, आणि त्यात स्वतःचा पगार, तो विसरतात लोक. मग त्याला वर्षात खरंच किती शूट होतात त्या आकड्याने भागायचं. तीनशे पासष्टने नाही. समजा ऐंशी शूट होतात, तर बाकीचे दिवस एडिटिंग, मीटिंग, डिलिव्हरीत जातात आणि त्यांचा पैसा पण ह्याच ऐंशी दिवसांतून निघायला हवा. पहिल्यांदा हा भागाकार केला की आकडा बघून बरेच जण गप्प होतात, मी हे परत परत बघितलंय. ते चांगले फोटोग्राफर असतात, मेहनती असतात, आणि वर्षानुवर्षं तोट्यात काम करत असतात, कारण शेजाऱ्याचा रेट बघून त्यांनी स्वतःचा ठेवलेला असतो.

आता डिस्काउंट. शंभराच्या कामात सत्तर खर्च आणि तीस नफा धरा. दहा टक्के कमी केले की नव्वद आले, खर्च सत्तरच, हातात वीस. म्हणजे किंमत दहाव्या भागाने उतरली पण नफा एक तृतीयांशाने गेला, आणि तेवढाच नफा परत कमवायचा तर दीडपट कामं करायची, दीडपट रात्री जागून एडिट करायच्या. रात्री अकराच्या त्या मेसेजला उत्तर देताना हे डोक्यात असायला हवं. कमी करायचंच असेल तर काम पण कमी करा, तास घटवा, अल्बमची पानं घटवा, दुसरा फोटोग्राफर काढा. नुसती किंमत उतरवली तर पुढच्या वेळी तोच क्लायंट त्याच उतरलेल्या किमतीवरून बोलायला सुरुवात करतो.

कॉन्ट्रॅक्टवर पण तिथे विचारा. तारीख बदलली तर काय, तुम्ही आजारी पडलात तर कोण जाणार, रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या एडिट न केलेल्या फाइल्स, द्यायच्या का, फाइल्स किती महिने सांभाळणार, फोटो तुमच्या जाहिरातीत वापरायची परवानगी लेखी आहे का. प्रत्येक अनुभवी माणसाच्या कॉन्ट्रॅक्टमधलं एखादं कलम एखाद्या प्रसंगानंतर आलेलं असतं, त्याला तो प्रसंग विचारला की तो अर्धा तास बोलतो. फक्त ते कलम तसंच्या तसं उचलू नका, कायदे जागोजागी वेगळे आहेत, आपल्याकडच्या वकिलाला एकदा दाखवा.

परत आल्यावर काय होतं, इनबॉक्स भरलेला, डिलिव्हरी थकलेल्या, आणि चार दिवसांत घेतलेल्या नोट्स ड्रॉवरमध्ये. म्हणून परतल्यानंतरचे दोन दिवस आधीच रिकामे ठेवा, कॅलेंडरवर लिहूनच टाका, आणि त्या दोन दिवसांत फक्त कोटेशनचा कागद आणि कॉन्ट्रॅक्ट दुरुस्त करा, बाकीचं मागाहून. आणि तिथे भेटलेल्यांपैकी तीन-चार जण धरून ठेवा, वेगवेगळ्या गावांतले, साधारण तुमच्याएवढाच पसारा असलेले. महिन्यातून एक तास कॉल. प्रत्येकाने त्या महिन्याचे आकडे सांगायचे, किती चौकशा आल्या, त्यातली किती कामं झाली, खर्च किती, आणि जिथे अडलंय ती एक गोष्ट मांडायची, बाकीच्यांनी आधी प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर. आकडे ग्रुपच्या बाहेर जाणार नाहीत हे पहिल्याच कॉलला ठरवून घ्या, म्हणजे दुसऱ्या महिन्यापासून लोक खरे आकडे सांगायला लागतात.