शनिवारची वाट न पाहता

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी, २ नोव्हेंबरला, तुळशीची लग्नं सुरू झाली आणि त्याच पहाटे आपली घड्याळंही तासभर मागे गेली. आता बॉस्टनच्या या भागात साडेचारलाच दिवस मावळतो. मुलं बसमधून उतरतात, दप्तर टाकून काहीतरी खातात, तोवर बाहेर अंधार. पुढचे काही महिने आपण सगळे घरातच जास्त असणार, म्हणून आज मला घराविषयी बोलायचं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: सण ज्या दिवशी असेल त्याच दिवशी घरी करावा. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटांचा करावा. मंडळाचा शनिवारचा कार्यक्रम हवाच. याच मंडळात मी भोंडल्याचा फेर धरला आहे, महाप्रसादाच्या पुऱ्या तळल्या आहेत. शाळेचा हॉल शनिवारीच मिळतो, वूस्टरहून आणि न्यू हॅम्पशायरहून येणाऱ्यांना शनिवारच सोयीचा पडतो, हे सगळं मला पुरतं ठाऊक आहे. पण पुढे शनिवार आहे म्हणून सोमवार कोरडा जाऊ नये.

यंदाची कोजागिरी सोमवारीच आली, ६ ऑक्टोबरला. थोरल्याची दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची परीक्षा, धाकटीचं सॉकर, आमचे हे अजून रस्त्यात. मी घरात पाऊल टाकलं तर जायफळाचा वास. माझ्या सासूबाई मे महिन्यात चिपळूणहून आल्या होत्या, त्यांनी दुपारीच जाड बुडाच्या पातेल्यात दूध आटवायला ठेवलं होतं. इथल्या होमोजिनाइज्ड दुधाला साय धरत नाही, म्हणून त्या त्यात थोडं हाफ अँड हाफ, म्हणजे अर्धं दूध अर्धी क्रीम, घालतात. स्टूल घेऊन शेगडीपाशी बसतात आणि पातेल्याच्या कडेला जे काही चिकटतं ते कालथ्याने पुन्हा दुधात सोडत राहतात. चारोळी त्यांनी येतानाच आणलेली. केशर खलात साखरेबरोबर घोटून ठेवलेलं. मी म्हटलं, “आई, शनिवारी मंडळात मसाला दूध आहे हो.” त्या म्हणाल्या, “जाऊ की शनिवारी. पण चंद्र आज आहे ना?”

सहा वाजून गेल्यावर शेजाऱ्यांच्या ओकच्या मागे आभाळ उजळायला लागलं. आम्ही पातेलं डेकवर नेलं. कोकणात, देशावर, बऱ्याच घरांत कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात, आश्विनी करतात. आमचा थोरला उंचीने आता बापाच्याही वर गेला आहे. तो हातातलं केमिस्ट्रीचं पुस्तक पाटाशेजारी पालथं ठेवून, पायमोज्यांतच पाटावर बसला. सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं, हातावर पाकीट ठेवलं. धाकटीचा प्रश्न तयार होताच, “आजी, मला का नाही?” सासूबाईंनी तबक तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आज थोरल्याचा मान. तू चंद्राला ओवाळ.” ती डेकच्या कठड्यापाशी गेली आणि तिने चंद्राला ओवाळलं. तीनदा ओवाळून झालं तरी थांबेना. निरांजन विझायला आलं तेव्हा कुठे तबक खाली ठेवलं.

सगळं मिळून अर्धा तास. त्यानंतर थोरला अभ्यासाला बसला, हे आले त्यांना दूध गरम करून दिलं, भांडी डिशवॉशरमध्ये गेली. मी ही गोष्ट इथे मुद्दाम एवढी सविस्तर सांगते आहे, कारण आठवड्याच्या मधल्या वारी सण करायचा म्हणजे किती करायचं, असं नवी जोडपी मला नेहमी विचारतात. एवढंच करायचं.

तिथीचा आग्रह मी धरते त्यामागे सोवळं-ओवळं नाही. आपले सण आभाळाला आणि शेताला बांधलेले आहेत. २२ सप्टेंबरला दिवस आणि रात्र सारखे झाले. त्याला सर्वांत जवळची जी पौर्णिमा, तिच्या चंद्राला इथले लोक हार्वेस्ट मून म्हणतात. बहुतेक वर्षी तो सप्टेंबरात येतो, यंदा ऑक्टोबरात आला, नेमका कोजागिरीला. या दिवसांत चंद्र रोज नेहमीपेक्षा थोडाच उशिरा उगवतो, त्यामुळे लागोपाठ काही संध्याकाळी दिवस मावळला तरी उजेड राहतो. इथले शेतकरी त्या उजेडात पीक काढत. आणि आमच्या कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू एकत्र बांधून ते नवं दाराला लावतात. दोन्हीकडे एकाच चंद्राखाली शेतातलं धान्य घरात येत होतं. पाच दिवस थांबलं तर हा चंद्र उशिरा उगवतो आणि एका बाजूने झिजलेला असतो. दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजन अमावास्येचं आहे. वर्षातल्या काळोख्या रात्री ओळीने पणत्या लावल्या की त्या कशासाठी लावतात हे मुलाला सांगावं लागत नाही.

दसरा यंदा गुरुवारी, २ ऑक्टोबरला होता. सकाळी सातला, बस यायच्या आधी. आपटा इथे कुठून आणणार? आदल्या दिवशी आजी आणि नात फिरायला गेल्या आणि मेपलची पिवळी पानं वेचून आणली. थोरल्याने नाश्ता करता करता आजीला सांगितलं की हा पिवळा रंग उन्हाळ्यातही पानात असतोच, हिरवा ओसरला की तो दिसतो. लाल रंग मात्र झाड याच दिवसांत नव्याने तयार करतं. सासूबाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं, मग फक्त पिवळीच पानं निवडली आणि म्हणाल्या, “सोनं पिवळंच असतं.” बसच्या थांब्यावर धाकटीने शेजारच्या आजोबांना पान दिलं. ते मूळचे पोर्तुगालचे. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. दाराला तोरण होतं ते परसातल्या झेंडूचं. मे महिन्यात बी टाकलं की इथे झेंडू दसऱ्यापर्यंत फुललेला राहतो, फक्त पहिल्या कडाक्याच्या रात्रीआधी तोडून घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे थोडीशी मोकळी जागा आहे त्यांनी हे जरूर करा, बी मी देईन.

कोजागिरीनंतरच्या आठवड्यात सासूबाई परत गेल्या. आता या हॉलमध्ये पाहा. गणपतीत पुढच्या दोन रांगा आजी-आजोबांनी भरलेल्या असतात आणि आज त्या रिकाम्या आहेत. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना साधारण सहा महिने मिळतात. एप्रिल-मे मध्ये येतात, थंडीच्या आत जातात. पानं गळायला लागली की आपल्या घरांतून बॅगा बाहेर निघतात, वजनकाटा निघतो. आमच्याकडे परतीच्या बॅगेत क्रॅनबेरीच्या लोणच्याची बाटली असते. केप कॉडकडच्या वाफ्यांत पाणी सोडून ही फळं काढतात. आत हवा असल्याने ती पाण्यावर तरंगतात आणि वाफा लालभडक होतो. फळं चिरायची, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, मीठ, थोडा गूळ, वर गार केलेली फोडणी. सासूबाई म्हणतात करवंदाची आठवण येते. मी त्यांना दरवर्षी म्हणते, दिवाळी करून जा. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, “दिवाळीला घराला कुलूप नको.”

त्या गेल्या की स्वयंपाकघर काही दिवस फार मोठं वाटतं. इथे बसलेल्या पुष्कळांना हे माहीत आहे, मी त्यावर अधिक बोलत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. घड्याळं मागे गेली की भारतातला आणि आपला साडेनऊ तासांचा फरक साडेदहा तासांचा होतो. आमचा फोन सकाळी साडेसातला, मुलांच्या नाश्त्याच्या वेळी असतो. त्या तिकडे असतात तेव्हा उन्हाळाभर हा फोन त्यांच्या पाचच्या चहाला पोचतो. नोव्हेंबर लागला की तोच फोन सहाला लागतो, म्हणजे बरोबर तिन्हीसांजेला. फोन भिंतीला टेकवून त्या देवापुढे दिवा लावतात, मग तुळशीपाशी. शुभंकरोती म्हणतात. इकडे धाकटी तोंडात सीरिअलचा घास असताना हात जोडते. ते आम्ही तिला कधी शिकवलं नाही. हिवाळाभर, शाळेच्या प्रत्येक सकाळी, तिला चिपळूणचा दिवा लागताना दिसतो. आपण घड्याळाच्या नावाने दरवर्षी कुरकुरतो, पण या एका तासाची मी वाट पाहते.

दिवाळीही तिथीलाच केली. आपल्या इथल्या वेळेप्रमाणे यंदा नरकचतुर्दशीची पहाट आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ एकाच सोमवारी, २० ऑक्टोबरला आली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन मंगळवारी झालं. पहाटे उठून तेल, उटणं, गरम पाणी, दाराशी पणती, एक लाडू, आणि मुलं बसला. चकल्या आधीच्या रविवारी डेकवर तळल्या होत्या, सासूबाई भाजणी करून ठेवून गेल्या होत्या. तळायच्या आधी वरच्या मजल्यावरची सगळी कपाटं बंद केली, नाहीतर तळणाचा वास जॅकेटांत मार्चपर्यंत राहतो. सोऱ्याचा दांडा थोरल्याने फिरवला आणि चकल्या मोडल्या नाहीत.

तुळस आता घरात आहे. रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की कुंडी आत घ्यावीच लागते. दक्षिणेच्या खिडकीत ठेवते, पानांच्या पाठी पाहून मावा असेल तर धुऊन काढते, मंजिऱ्या खुडते. पहिले काही दिवस पानं गळतात, मग रोप जागेला सरावतं. गेल्या रविवारी त्याच खिडकीत लग्न लावलं. चिंच-आवळा मिळाला नाही, उसाचं कांडं मात्र व्हिएतनामी दुकानात मिळालं. मंगलाष्टकं यांनी म्हटली, अंतरपाट मुलांनी धरला.

मला एक आक्षेप नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो खरा आहे. दोघंही नोकरी करतो, संध्याकाळी १२८ नंबरच्या हायवेवर गाडी हलत नाही, घरी यायला सात, मग सण कधी करायचा? मी त्यांना म्हणते, हॉलमध्ये जे होतं ते घरी करायला जाऊच नका. घरी पुरणपोळी होणार नाही, चालेल. बाहेरून आणलेला पेढा चालेल. रांगोळीचे चार ठिपके चालतील. पण थकून घरी आलेली आई आणि थकून घरी आलेला बाबा, बूट काढून, हातपाय धुऊन, आधी दिवा लावतात, हे मुलाने पाहिलं पाहिजे. हॉलमध्ये त्याला सण सजलेला दिसतो, आणि तिथे तो बहुतेक वेळ मित्रांबरोबर मागच्या कॉरिडॉरमध्ये असतो. तेही छान आहे, मैत्री तिथेच होते. पण सण आपला आहे हे त्याला घरी, सोमवारी कळतं.

आता पुढच्या वर्षाचं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतील. कोजागिरी २५ ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दोन्ही रविवार. दिवाळीच्या आधी घड्याळं मागे गेलेली असतील, पाच वाजता पणत्या लावता येतील, अगदी लहान मुलंही जागी असतील. कार्यकारिणीला माझी मनापासून विनंती आहे की त्या दोन रविवारी हॉल घेऊ नये. कार्यक्रम आदल्या शनिवारी ठेवावा आणि रविवार घरांना द्यावा.

आणि एक. बॉस्टनमध्ये दर सप्टेंबरला आपली कितीतरी मुलंमुली शिकायला येतात. घरापासून दूरची त्यांची पहिली कोजागिरी, पहिली दिवाळी याच दिवसांत येते, आणि ती परीक्षांच्या गडबडीत वसतिगृहाच्या खोलीत जाते. चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर, कोजागिरीला किंवा दिवाळीला किती जणांना घरी बोलवू शकाल ते लिहा. उजव्या पानावर विद्यार्थ्यांनी आपलं नाव आणि कोणत्या स्टेशनवरून घ्यायला यावं ते लिहावं. सबवेची लाल लाइन असो की हिरवी, गाडी घेऊन कुणीतरी येईल. पुढच्या वर्षीची वाट पाहायचीही गरज नाही. २६ नोव्हेंबरला चंपाषष्ठी आहे, मग संक्रांत येईल. आमच्या घराचं नाव डाव्या पानावर पहिलं आहे, चार जणांसाठी. चहा घ्यायला जाल तेव्हा पेन तिथेच दोरीने बांधलेलं आहे.