किटच्या आत कोण होतं?

(दृश्य: रुग्णालयाचं आवार, भर दुपार. रस्ता ओस.)

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या साथीत, त्याच उन्हात सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत पीपीई किटमध्ये बंद होत्या. संसर्गाच्या धास्तीनं एसी बंद. किट एकदा चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी आलेली असली तरी तेच. चेहरे दिसत नाहीत म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहायचं.

(दृश्य: रिकामा वॉर्ड, लोखंडी खाट.)

मृतदेह गुंडाळायचं काम बहुतेकदा वॉर्डातल्या मामांकडे, म्हणजे वॉर्डबॉयकडे यायचं. नातेवाइकांना जवळ येऊ देत नव्हते. पिशवीची चेन ओढताना उशाजवळचा मोबाइल वाजायचा. स्क्रीनवर कधी ‘आई’, कधी ‘घर’. उचलायचा की वाजू द्यायचा? हे मामांना कुणीच शिकवलं नव्हतं. डॉक्टरांसाठी ताणतणावावर वेबिनार तरी झाले. कंत्राटी मामा-मावशींना त्याची लिंक कोण पाठवणार?

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. बेड एक आणि दारात तिघे, अशी वेळ आली. अशा वेळी काय करायला हवं ते डॉक्टरला ठाऊक असतं, आणि तेच करता येत नाही. मानसशास्त्रात याला नैतिक आघात म्हणतात. नुसता थकवा असता तर दोन दिवस झोपून उतरला असता.

(दृश्य: सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली गल्ली, उंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या बायका.)

आशाताई, म्हणजे गल्लीतली आरोग्य स्वयंसेविका, थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरत होती. मराठीत पटलं नाही तर तेलुगूत समजावत होती. एरवी ‘ताई, चहा घेऊन जा’ म्हणणारी घरं तिला बघून दार लोटून घ्यायची. ‘तुम्ही आलात की गल्लीला पत्रे ठोकतात,’ असं तोंडावर सांगायची. संध्याकाळी घरी गेल्यावर आंघोळ होईपर्यंत तिला पोराला जवळ घेता यायचं नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास सात वर्षांपर्यंत कैद, असा अध्यादेश २२ एप्रिल २०२० ला निघाला. दगड मारणाऱ्यासाठी कायदा झाला. लोटलेल्या दाराला कुठलं कलम लावणार?

(दृश्य: डॉ. कोटणीस यांचं स्मारक.)

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९४० मध्ये चीनच्या युद्धभूमीवर त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट इथं अभिमानानं सांगतात. अपस्माराच्या झटक्यांनी १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले, हे सांगताना मात्र आवाज तितका चढत नाही. न झोपता राबणाऱ्याची आरती आपण फार हौसेनं करतो. मग एखादी सिस्टर ‘मला आता झेपत नाही’ म्हणणार कुणापाशी?

डॉ. कोटणीसांचा जन्मदिवस १० ऑक्टोबर. जागतिक मानसिक आरोग्य दिनही तोच. २०२२ मध्ये याच तारखेला केंद्र सरकारनं टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. सोय चांगलीच आहे. पण रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीनं सांभाळणाऱ्या सिस्टरनं फोन लावायचा कधी? त्यासाठी आधी रिक्त जागा भरायला हव्यात, रात्रपाळ्यांनंतरची सुट्टी खरंच मिळायला हवी, आणि समुपदेशन ड्युटीच्या वेळेत हवं, मामा-मावशींसाठीसुद्धा. शिवाय सुट्टीवरून आलेल्याला ‘झाला का आराम?’ असा टोमणा मारणारे एखादे सीनियर बहुतेक वॉर्डांत असतातच. त्यांचंही काहीतरी बघावं लागेल.